गच्चीवरची बाग, ऐरोली (नवी मुंबई): ऑक्टोबर २०२५ ते फेब्रुवारी २०२६च्या नोंदी

जागा: रो-हाऊसची गच्ची, २० बाय १२ फूट, पश्चिमेची बाजू पूर्ण मोकळी. १५ बाय १५ इंची, एचडीपीईच्या (जाड प्लास्टिकच्या) ३४ पिशव्या. हिवाळ्यात सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचपर्यंत ऊन. पाणी जिन्याच्या टोपीवरच्या टाकीचं.

५ ऑक्टोबर २०२५

पावसाळ्याचा हिशेब मांडला. जूनमध्ये ३४ पिशव्यांत झाडं होती, आज १६ जिवंत आहेत. टोमॅटो ८ पैकी एकही नाही. वांगी ६ पैकी १, मिरची ६ पैकी ३, भेंडी ६ पैकी ५, दोडका ३ पैकी २. अळूच्या तिन्ही आणि मायाळूच्या दोन्ही पिशव्या मात्र भरगच्च.

मोठी पडझड १८-१९ ऑगस्टच्या मुसळधार पावसानंतरच्या आठवड्यात झाली. निष्कर्ष: मुळांशी पाणी तुंबलं. (नंतर जोडलेली ओळ: हा निष्कर्ष अर्धाच बरोबर निघाला. २१ डिसेंबरची नोंद वाचल्याशिवाय तो पक्का धरू नये.)

निचऱ्याची साधी चाचणी घेतली. पिशवीतली माती आधी पूर्ण भिजवायची, अर्धा तास थांबायचं, मग एक लिटर पाणी एकदम ओतून पृष्ठभागावरचं पाणी जिरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. पाच पिशव्यांची सरासरी ९ मिनिटं आली. भाजीच्या पिशवीत हे मिनिटभरात व्हायला हवं.

हिवाळी टोमॅटो आणि वांग्याचं बी आजच ट्रेमध्ये टाकलं. ऑक्टोबर उलटू दिला तर फळधारणा थेट मार्चच्या उन्हात सापडते.

१२ ऑक्टोबर

मेलेल्या झाडांपैकी टोमॅटो, वांगी आणि मिरचीच्या १६ पिशव्या रिकाम्या केल्या. पहिलीच पिशवी ताडपत्रीवर पालथी केली तर आतला ऐवज केकसारखा अख्खा बाहेर आला. वरचे चार इंच सैल, त्याखाली लाल मातीचा घट्ट गोळा, आणि तळाचे तीन इंच राखाडी-काळे. त्याला गटारासारखा वास. पांढरं मूळ एकही तिथवर उतरलेलं नव्हतं.

कारणं दोन. जुनं मिश्रण ६० टक्के लाल माती, २० टक्के शेणखत, २० टक्के कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं होतं. नर्सरीत गोणीने मिळणाऱ्या लाल मातीत मुरमाची बारीक पूड बरीच असते. जमिनीत ती चालते. पिशवीत मात्र वरून धो-धो पाऊस पडला की ही पूड खाली जाऊन तळाशी बसते आणि भोकं बुजवते. दुसरं कारण, पिशव्या थेट गच्चीच्या लादीवर ठेवल्या होत्या, त्यामुळे तळाची भोकं लादीने बंद झाली.

वजनही केलं. जुन्या मिश्रणाची भिजलेली पिशवी ५१ किलो भरली. ज्या गच्चीवर जा-ये असते तिच्यासाठी भारतीय मानकात चल भार (माणसं-सामानाचं वरून येणारं वजन) साधारण १५० किलो प्रति चौरस मीटर धरलेला आहे. अशा सहा पिशव्या खेटून ठेवल्या तर एका चौरस मीटरवर ३०० किलोच्या वर जातात. म्हणून आता पिशव्या भिंतीच्या आणि बीमच्या रेषेत लावल्या आणि मधल्या भागात चौरस मीटरला दोनच ठेवल्या.

एक दिवस लागेल असं धरलं होतं, दोन रविवार गेले. ओली माती उपसणं हे सगळ्यात कष्टाचं काम. पिशवी आधी आठवडाभर कोरडी होऊ दिली तर निम्म्या वेळात होतं.

१९ ऑक्टोबर

नवं मिश्रण, मापाने: लाल माती २५ टक्के (काढलेलीच जुनी, चाळून), कोकोपीट ३०, गांडूळखत २५, भाताचं तूस २०. शिवाय प्रत्येक पिशवीला १०० ग्रॅम निंबोळी पेंड. पिशवी १२ इंचापर्यंत भरली की ३५ लिटर माल बसतो, म्हणजे १६ पिशव्यांना ५६० लिटर.

तूस पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाकडच्या भातगिरणीतून आणलं. परलाइटपेक्षा (माती पोकळ ठेवणारे हलके खनिज दाणे) कितीतरी स्वस्त, आणि सिलिका भरपूर असल्याने लवकर कुजत नाही. एक पावसाळा तरी मिश्रण पोकळ ठेवील. तुसाच्या जागी कोंडा घेऊ नये. तो आंबतो आणि त्यावर बुरशी धरते.

तीन चुका झाल्या (हा भाग नंतर जोडलेला):

कोकोपीटच्या पहिल्या दोन विटा न धुता वापरल्या. पाच किलोच्या विटेला २५ लिटर पाणी लागतं आणि फुगून ती साधारण ७० लिटर होते. पण त्या पाण्यात खार उतरतो, ते पाणी पिळून टाकायचं असतं. दोनदा भिजवून, दोनदा पिळून, पाणी चहाच्या रंगावरून फिकट पिवळ्यावर आलं की पुरे. न धुतलेल्या पिशव्यांत परीक्षा म्हणून मेथी टाकली होती, तिच्या पानांच्या कडा दहाव्या दिवशी करपल्या. मग त्या पिशव्यांतून प्रत्येकी १५ लिटर पाणी सोडून खार काढावा लागला. त्यात गांडूळखताचा कसही थोडा वाहून गेला.

मापं एकत्र केली की बेरीज कमी भरते, हे लक्षात घेतलं नव्हतं. तुसाच्या फटींत माती आणि खत जाऊन बसतं. ५६० लिटरचा हिशेब धरला, पण पहिल्या खेपेत १४ पिशव्याच भरल्या. कच्चा माल पंधरा टक्के जास्तच आणावा.

तुसात भाताचे थोडे अख्खे दाणे राहतात. आठवड्यात १६ पिशव्यांत भाताची रोपं उगवली. ती उपटायला पाच मिनिटं लागतात. दाण्यांसाठी कबुतरं उतरली ती मोठी कटकट. त्यांनी मेथीचे दोन वाफे उकरले. एक इंची नायलॉन जाळी बांधेपर्यंत पेरणी थांबवली.

खर्च: कोकोपीटच्या ३ विटा ६६० रुपये, गांडूळखताची ४० किलोची ३ पोती १,८००, तूस २ पोती २००, निंबोळी पेंड २ किलो १२०, सगळ्या ३४ पिशव्यांखाली प्रत्येकी तीन अशा १०२ विटा १,२२४, रिक्षाभाडं ३५०. एकूण ४,३५४ रुपये. विटांचा खर्च अजिबात टाळू नये. पिशवीखाली दोन-अडीच इंच मोकळी जागा राहिली तरच भोकांतून पाणी पडताना डोळ्यांना दिसतं.

२ नोव्हेंबर

नव्या मिश्रणावर तीच एक लिटरची चाचणी: ३५ ते ४५ सेकंद. भिजलेल्या पिशवीचं वजन ३३ किलो. दोन्ही आकडे मनासारखे आले.

२८ दिवसांची रोपं लावली. १६ नव्या पिशव्यांत टोमॅटो ८, वांगी ३, पालक ३, मेथी २. भेंडी संपलेल्या तीन जुन्या पिशव्यांतही पालकच पेरला, म्हणजे जुन्या-नव्या मिश्रणाची तुलना होईल.

टोमॅटोचं रोप पहिल्या खऱ्या पानापर्यंत खोल लावलं. खोडाच्या गाडलेल्या भागाला मुळं फुटतात. वांग्याचं रोप मात्र ट्रेमध्ये होतं तेवढ्याच खोलीवर ठेवावं.

९ नोव्हेंबर

ठिबक बसवलं, आणि पहिल्या दिवशी बंद पडलं.

१६ मिमीची मुख्य नळी, १२० मेशची जाळीची चाळणी, आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून दाब-नियंत्रित ड्रिपर, ताशी ४ लिटरचे. टाकीचा तळ गच्चीपासून जेमतेम २.१ मीटर उंच. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो (चौरस सेंटीमीटरला) दाब मिळतो, म्हणजे इथे ०.२ किलो. दाब-नियंत्रित ड्रिपरच्या आत रबरी पडदा असतो. त्याला निदान अर्धा ते एक किलो दाब लागतो. पंधरा मिनिटांत पहिल्या पिशवीखालच्या डब्यात दोन चमचे पाणी, शेवटचा डबा कोरडा. ३४ ड्रिपरचे ४७६ रुपये गेले.

त्यांच्या जागी ४ मिमीच्या मायक्रोट्यूब आणि टोकाला फिरकीचे साधे ड्रिपर लावले. प्रत्येक पिशवीखाली डबा ठेवून, पंधरा मिनिटं पाणी सोडून, फिरक्या कमी-जास्त करत दीड तासात सगळे जवळपास एका मापावर आणले: पहिल्या पिशवीला ७०० मिली, शेवटच्या पिशवीला ६१०. हे डब्याचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने सोडलेलं ठिबक म्हणजे अर्धी बाग कोरडी आणि अर्धी चिखलात.

टायमर घेतानाही हाच नियम. सोलेनॉइड व्हॉल्व्हचा (विद्युतचुंबकाने उघडणाऱ्या झडपेचा) टायमर कमी दाबावर नीट उघडत-मिटत नाही. टाकीच्या पाण्याला बॉल व्हॉल्व्हचाच (फिरत्या गोळ्याच्या झडपेचा) टायमर घ्यावा. सध्या सकाळी सातला आणि दुपारी साडेतीनला पंधरा-पंधरा मिनिटं, म्हणजे टोमॅटोला दिवसाला सव्वा ते दीड लिटर.

७ डिसेंबर

भेंडीच्या उरलेल्या झाडांवर पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडली: विटांना ग्रीसचा पट्टा. मग साबणाच्या पाण्याच्या फडक्याने खोडं पुसली आणि एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली पातळ साबण घालून फवारलं. पहिली फवारणी सकाळी अकराला झाली, पालकाची पानं दुसऱ्या दिवशी डागाळली. निंबोळी तेल ऊन उतरल्यावरच फवारावं.

२१ डिसेंबर

या मोसमातली सगळ्यात महत्त्वाची नोंद.

बुधवारी दुपारी टोमॅटोचं एक झाड शेंड्याकडून मान टाकून उभं होतं. पानं हिरवीगार, पिवळेपणा नाही. रात्री सावरलं. गुरुवारी दुपारी पुन्हा कोमेजलं, शुक्रवारी सावरलंच नाही. आज अशी तीन टोमॅटो आणि एक वांगं. माती ओलसर, निचरा उत्तम, ठिबक चालू. पाणी तुंबल्याचं कारण इथे लागूच होत नाही.

कोमेजण्याच्या तऱ्हेवरून पुष्कळ कळतं. पाणी तुंबलं असेल तर खालची पानं आधी पिवळी पडतात, मुळं तपकिरी आणि लिबलिबीत होतात. फ्युजेरियम बुरशीच्या मरीतही खालची पानं पिवळी होतात, कित्येकदा झाडाच्या एकाच बाजूची. पानं हिरवी असतानाच अख्खं झाड दोन-तीन दिवसांत बसलं, तर जिवाणूजन्य मर रोगाचा संशय घ्यायचा. याचा जिवाणू रालस्टोनिया सोलॅनेसीअरम. कोकणच्या उष्ण-दमट हवेत टोमॅटो-वांग्याचा हा मोठा शत्रू.

पेल्याची चाचणी घरी होते. मेलेल्या झाडाचं मातीलगतचं चार इंच खोड धारदार पात्याने कापलं. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेतलं आणि खोडाचं खालचं टोक पाण्यात बुडेल असं दोऱ्याने टांगलं. पेल्यामागे काळं कापड धरलं. पाणी ढवळायचं नाही, पेल्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या पेल्यात तुलनेसाठी निरोगी झाडाची फांदी.

तिसऱ्या मिनिटाला कापलेल्या टोकातून दुधाळ धागा सुटला. अगदी बारीक, अगरबत्तीचा धूर उलटा खाली उतरावा तसा. सहाव्या मिनिटाला तीन-चार धागे तळाशी जाऊन पसरले आणि पाणी धूसर झालं. निरोगी फांदीचं पाणी तसंच स्वच्छ. चारही झाडांची चाचणी सारखीच आली. शंका उरली नाही.

ऑगस्टमधले फोनवरचे फोटो तारखेनुसार लावून पाहिले. टोमॅटोची आठ झाडं वाटेल त्या क्रमाने मेली नव्हती. पहिलं उंच कोपऱ्यातलं, मग उताराच्या दिशेने एकेक, शेवटचं पन्हाळीजवळचं. पिशव्या लादीवर होत्या आणि एकीतून निघालेलं पाणी दुसरीच्या तळाशी जात होतं. पाणी तुंबल्याने मुळं कमजोर झाली हे खरंच, पण रोग त्या पाण्यातूनच पसरला.

यातली आपली चूक स्पष्ट लिहून ठेवायला हवी. १६ मेलेल्या झाडांची माती एकाच ढिगात ओतून, चाळून, नव्या १६ पिशव्यांत वाटली. ज्या पिशव्यांत रोग नव्हता त्या अळू-मायाळू-भेंडीच्या मातीला हातही लावला नाही. ऑगस्टमध्येच पेल्याची दहा मिनिटं खर्च केली असती तर हे आठ टोमॅटो आणि तीन वांगी दुसऱ्या मातीत लागली असती. मेलेलं झाड चाचणीशिवाय कधीही उपटून टाकू नये, आणि त्याची माती दुसरीत मिसळू तर नयेच.

आज केलेली कामं: चारही झाडं मुळांसकट उपटून, बंद पिशवीत घालून कचऱ्यात दिली. कंपोस्टमध्ये टाकली नाहीत. त्या चार ठिबकनळ्या बंद केल्या. कात्रीची पाती प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसली. याच कात्रीने गेल्या महिन्यात सगळ्या टोमॅटोंचे बगलफुटवे काढले होते, तेही रोगाला आवतण होतं. या रोगावर झाड बरं करणारं औषध नाही. उरलेल्या झाडांना धक्का न लावता फळं घेत राहणं एवढंच हातात आहे.

१८ जानेवारी २०२६

आणखी एक टोमॅटो गेला. उरलेल्या चार झाडांची आजवरची फळं ६.४ किलो. वांग्याच्या दोन झाडांची २.१ किलो. पालकाची तुलना: नव्या मिश्रणाच्या तीन पिशव्यांतून चार कापण्यांत १.९ किलो, जुन्या तीन पिशव्यांतून तेवढ्याच काळात १.१ किलो. मिश्रण बदलणं योग्य होतं, त्याबद्दल शंका नाही. त्यात घातलेली माती चुकीची होती.

रिकाम्या पाच पिशव्यांत वाल आणि कोथिंबीर पेरली. टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा हे सगळे एकाच कुळातले, त्यांना इथे बंदी. आलंही नको, कारण आल्यालाही जिवाणूजन्य मर होते.

१ फेब्रुवारी

पानगळ सुरू झाली आहे. बदामाची आणि पर्जन्यवृक्षाची सुकी पानं आतापासून मार्चअखेरपर्यंत आठ पोती साठवायची. गेल्या पावसाळ्यात ओल्या कचऱ्याच्या ६० लिटरच्या ड्रममध्ये घालायला सुकं काही शिल्लक नव्हतं. जुलैत ड्रममध्ये चिखल झाला आणि दोन महिन्यांचं खत फुकट गेलं. एक डबा ओल्या कचऱ्याला दोन डबे चुरलेली पानं, हे माप पावसाळ्यात सोडायचं नाही. पोती जिन्याखाली, जमिनीपासून उचलून ठेवायची.

८ फेब्रुवारी: जूनपर्यंतचं नियोजन

गेल्या वर्षी मुंबईत मान्सून २६ मेलाच आला. नेहमीची तारीख ११ जून. त्या दिवशी शेडनेट वर बांधलेलं होतं, वाऱ्याने एका रात्रीत दोन ठिकाणी फाटलं. सगळी तयारी ५ जूनच्या हिशेबाने चालली होती. यंदा शेवटची तारीख १५ मे.

मार्च: टोमॅटो-वांगी मार्चअखेर काढायची, मोह झाला तरी ठेवायची नाहीत. त्याच आठवड्यात ५० टक्क्यांचं शेडनेट पश्चिम बाजूला बांधायचं, पण कडेला कड्या आणि तारेवर सरकतं, म्हणजे वादळाच्या सूचनेवर दहा मिनिटांत गुंडाळता येईल.

१ एप्रिल ते १० मे, माती तापवणं: रोगट १६ पिशव्यांची माती ताडपत्रीवर १० सेंटीमीटर थरात पसरायची. ४८० लिटरला साधारण पाच चौरस मीटर जागा लागेल, मधला मोकळा भाग पुरतो. माती आधी भिजवायची. कोरड्या मातीत उष्णता खाली उतरत नाही. वर पारदर्शक प्लास्टिक. काळं प्लास्टिक स्वतः तापतं, माती तेवढी तापत नाही. ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारातून मीटरवर आणायचं, कडा विटांनी दाबायच्या, हवा आत शिरू द्यायची नाही. दुपारी तीनला थराच्या तळाशी थर्मामीटर खुपसून रोजचं तापमान लिहायचं. दर आठवड्याला प्लास्टिक उचलून माती खाली-वर करायची. पिशवीतच ठेवून तापवली तर मधला गाभा थंड राहतो, म्हणून पसरण्याचा खटाटोप. यानेही जिवाणू शंभर टक्के मरेल असं धरायचं नाही. तापवलेल्या मातीत पहिलं वर्षभर भेंडी, दोडका, मका, पालेभाज्याच.

मे महिन्याचा पहिला पंधरवडा: अळूच्या पिशव्या तीनवरून सहा. अळूला ओल प्रिय, म्हणून जड जुनी माती त्यालाच. हळद चार निरोगी पिशव्यांत, पिशवीला दोन कंद, म्हणजे श्रावणात पातोळ्यांना पानंही मिळतील. आल्याला निचरा हवा, त्यामुळे नव्याने आणलेल्या मातीच्या दोनच पिशव्या. मायाळू दोन, जिन्याच्या कठड्यावर चढवायचा.

दोडक्याला गेल्या वर्षी फळमाशीने निम्मी फळं सडवली. फुलं दिसताच क्यू-ल्यूरचा सापळा टांगायचा, मिथाइल युजेनॉलचा नाही. तो आंबा-पेरूच्या माशीसाठी असतो. वेलवर्गाची माशी त्याला फिरकत नाही.

टोमॅटो पावसाळ्यात लावायचा नाही. ऑक्टोबरसाठी बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण घ्यायचा. तो पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देतो. वांग्यासाठी रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली सहा रोपं सप्टेंबरमध्येच सांगून ठेवायची, आणि लावताना कलमाचा जोड मातीच्या दोन इंच वर राहील याची काळजी घ्यायची. जोड गाडला गेला तर वरच्या वांग्याला स्वतःची मुळं फुटतात आणि कलमाचा उपयोग संपतो.

अजून न सुटलेली अडचण: विटांवर चढवल्यामुळे पिशव्या एकमेकींच्या पाण्यात उभ्या राहणार नाहीत, पण जोराच्या पावसात लादीवरून उडणारे शिंतोडे शेजारच्या पिशवीत जातातच. मे अखेर पिशव्यांच्या तोंडावर चार इंच पानांचं आच्छादन घालायचं आणि दोन ओळींमध्ये दीड फूट उंचीची प्लास्टिकची आडभिंत लावायची. पन्हाळीच्या तोंडाला जाळी बसवायची, ती १८ ऑगस्टला पानांनी बुजली होती. पुढची चाचणी पहिल्या मोठ्या पावसानंतर.